तिसरी पाळी न सुटल्याची बखर

॥ श्री ॥ अग्नी, उदक आणि चक्र या तिन्ही दैवतांस दंडवत घालून, कोळसा ज्यांनी लोटिला आणि राख ज्यांनी उपसली त्यांस स्मरून, पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले आहे.

धूरशक एकेचाळीस, वैशाख वद्य दशमी, सकाळी सात वाजले आणि बदलीचा माणूस आला नाही.

ठिकाण, राज्याच्या वीजकारखान्याची कंट्रोल रूम. माणूस, राजश्री दिगंबरजी सोनकुसरे, तिसऱ्या पाळीचे प्रमुख, वय वर्षे बेचाळीस, अंगावर खाकी, खिशास दोन पेने, एक लिहावयाचे आणि एक लिहावयाचे संपल्यास. त्यांनी रात्री अकरास चार्ज घेतिला होता तो सकाळी सातास द्यावयाचा होता, आणि ज्यास द्यावयाचा ते पहिल्या पाळीचे प्रमुख राजश्री मारोतराव ढोके रोज पंधरा मिनिटे उशिरा येत, कधी सायकल पंक्चर म्हणून, कधी गाय व्याली म्हणून, आणि एका वर्षात त्यांची एकच गाय सहा वेळा व्याल्याची नोंद दिगंबरजींनी लॉगबुकात केली होती. म्हणून सव्वासातपर्यंत दिगंबरजींस काही वाटले नाही. मग साडेसात जाहले, मग आठ जाहले, आणि मग वर्तमान कळले ते असे, की पहाटे पाच वाजता दिवाणसाहेबांचा हुकूम फाटकावर चिकटविला होता, आणि मारोतराव सात वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी आले, हुकूम वाचला, सायकल तिथेच फिरविली आणि परत गेले. हुकुमात एकच ओळ होती, "आजपासून कोणीही कामावर येऊ नये."

हा हुकूम दिगंबरजींनी तीन वेळा वाचिला आणि म्हणाले की हुकूम मान्य आहे, आपण आज कामावर आलोच नाही, आपण काल आलो. येऊ नये असे लिहिले आहे, आलेल्याने कसे जावे ते लिहिलेले नाही. आणि या कारखान्याचा पहिल्यापासूनचा रिवाज असा, की चार्ज सहीने घ्यावा आणि सहीने द्यावा, बदलीचा माणूस समोर उभा राहून लॉगबुकावर सही करील तोवर खुर्ची सोडू नये, आणि सोडील तो रणातून पळालेला समजावा. मग दिगंबरजी पुन्हा खुर्चीवर बसले आणि आठच्या रकान्यात आकडे भरिते जाहले. ती पाळी आजवर सुटलेली नाही.

आता धूरशक म्हणजे काय ते सांगणे प्राप्त आहे. थोरले सरकार गादीवर असता राज्यात रात्री अंधार फार, तेव्हा त्यांनी नदीकाठी वीजकारखाना उभारावयाचे मनात आणिले, आणि सहा वर्षे गाढवांवरून विटा वाहिल्या, आणि दोनशे पंच्याहत्तर फुटांची चिमणी बांधून काढिली. पहिल्या दिवशी तीतून धूर निघाला तेव्हा हत्ती भ्याले, ब्राह्मणांनी मंत्र म्हटले, पिराच्या दर्ग्यात चादर चढली, आणि जोशीमंडळींनी त्या दिवसापासून नवा शक मोजावयास घेतिला. मग राज्याचा सगळा कारभार धुरावर चालू लागला. वारा पूर्वेचा असला म्हणजे काजळी घाटावर येई आणि परिटांस सुटी मिळे, वारा पश्चिमेचा असला म्हणजे पापड घालावयाचे नसत, आणि मुलगी द्यावयाची तर घर चिमणीच्या कोणत्या अंगास आहे ते आधी पुसत आणि पत्रिका मागाहून पाहत. बॉयलर तीन, थोरली, मधली आणि धाकटी. त्यांपैकी मधलीचा स्वभाव मानी, पेटविताना तिजशी कोणी गोड बोलले नाही तर वाफ धरीत नसे, म्हणून प्रत्येक पाळीत एक माणूस गोड बोलावयास नेमलेला असे, आणि त्या जागेस अर्ज फार येत. ऐशी एकेचाळीस वर्षे गेली. मग परमुलखातून तारेवरून वीज येऊ लागली आणि दिवाणसाहेब म्हणाले की आता हा धूर कशास, आणि फाटकावर ती एक ओळ लागली.

धूर थांबला तेव्हा जोशीमंडळींस पेच पडला, की धूर नाही तर धूरशक कसा मोजावा. त्यांनी कारखान्यात माणूस पाठविला, आणि दिगंबरजींनी निरोप दिला की चार्ज चालू आहे, मोजा. म्हणून त्यांनी मोजिला.

मग दिगंबरजींनी एकोणीस वर्षे ती पाळी केली. दर तासास उठून तिन्ही बॉयलर, दोन्ही टर्बाइने आणि पंपघर यांची फेरी करावी, काचा पुसाव्या, गंजास तेल लावावे, कबुतरे हाकलावी, आणि लॉगबुकात लिहावे, दाब शून्य, उष्णता हवेइतकी, गळती नाही. पाळीत झोपणे हा गुन्हा, म्हणून ते झोपत नसत, खुर्चीत डोळे मिटून विचार करीत, आणि विचार घोरण्यापर्यंत जात असे ऐशी साक्ष फाटकावरच्या कुत्र्यावाचून कोणी देत नाही. त्यांचे कुटुंब कौसल्याबाई फाटकाबाहेरच्या वसाहतीत राहत, दोन वेळा डबा घेऊन येत आणि एकच गोष्ट बोलत, की एकदा घरी येऊन तव्यावरची गरम भाकर खा. दिगंबरजी म्हणत, बदली आली की येतो. घर चारशे पावलांवर, पण तेथवर पोचेतो भाकर निवलेली असे, आणि ऐशा निवलेल्या भाकरी एकोणीस वर्षांच्या किती जाहल्या तो हिशेब कौसल्याबाई भांडणात तोंडपाठ म्हणत. थोरल्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा बापास बाहेर जाता येईना, म्हणून लग्नच आत आणिले. टर्बाइनघरात मांडव पडला, नवरदेवास हेल्मेट घातले आणि त्यावर बाशिंग बांधिले, आणि होम पेटवावयाचा तर उघडी आग, तीस परमिट पाहिजे, म्हणून दिगंबरजींनी वधूपिता या नात्याने अर्ज केला आणि पाळीप्रमुख या नात्याने दोन तास विचार करून मंजूर केला, तोवर मुहूर्त टळला आणि दुसरा काढावा लागला. भटजींनी वाळूच्या दोन बादल्या मध्ये ठेवून मंगलाष्टके म्हटली. कौसल्याबाईंनी त्या दिवशी पाहून ठेविले की टर्बाइनघराचा मजला फार स्वच्छ आहे आणि थोरलीच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर ऊन येते, आणि पुढल्या उन्हाळ्यापासून त्या आपले सांडगे तेथेच वाळू घालत्या जाहल्या.

धूरशक साठ लागला आणि दिवाणसाहेबांच्या मनात आले की या जागी सात मजल्यांची बाजारपेठ बांधावी आणि तळघरात मासे ठेवावे. मग पाडकामाचा सरदार नेमिला, नाव यासीन मिस्त्री मुजावर, सोबत शंभर माणूस, गॅसची नळकांडी, घण, साखळ्या, दोन याऱ्या. आता दिवाणसाहेबांकडून चूक जाहली ती ही, की यासीन मिस्त्री पाडकामात येण्याआधी बावीस वर्षे दुसऱ्या मुलखात बॉयलरवर होते, आणि तेथे एकदा परमिट न घेता त्यांनी वाफेच्या नळाचा बोल्ट सैल केला होता, त्याची खूण त्यांच्या डाव्या हातास कोपरापर्यंत होती. फौज फाटकात शिरली, माणसांनी गॅस पेटविला, आणि यासीन मिस्त्रींनी सवयीने हात वर करून सर्वांस थांबविले आणि जिना चढून कंट्रोल रूममध्ये गेले.

"साहेब, परमिट," ते बोलिले.

"कशाचं?"

"पाडायचं."

"कोणतं मशीन?"

"सगळं."

दिगंबरजींनी फॉर्म पुढे सारिला आणि म्हणाले, "मिस्त्री, फॉर्मात मशीनले एकच ओळ आहे. सगळं म्हणजे काय ते लिहून द्या, एकाले एक."

दुसरा कोणी असता तर हसता आणि घण घालिता. यासीन मिस्त्रींस ते बोलणे रास्त वाटले. ते खाली आले, माणसांस गॅस विझवावयास सांगितला, आणि अर्ज लिहावयास बसले, एका मशीनास एक, वर मायना "चालू पाळीचे प्रमुख यांस", खाली अंगठ्याएवढी सही. तीन दिवसांत अर्ज अकराशे चाळीस जाहले. दिगंबरजींनी प्रत्येकावर शेरा मारिला, मशीन चार्जात आहे, थांबावे. दिवाणसाहेब घोड्यावर बसून आले आणि मिस्त्रींस पुसते जाहले की तू पाडावयास आलास की अर्ज करावयास. मिस्त्री म्हणाले, "हुजूर, पाडतो ना. पण परमिटाशिवाय पाइपाला लावायला गेलो, तर हा हात माझंच ऐकत नाही."

मग प्रकरण न्यायशास्त्र्यांपुढे गेले. शास्त्रीबुवांनी अकराशे चाळीस अर्ज टांग्यातून आणविले आणि निवाडा दिला, की ज्यापाशी परमिट मागितले त्याचा चार्ज मागणाऱ्याने मानिला, सरकारच्याच माणसाने अकराशे चाळीस वेळा मानिला, तेव्हा चार्ज आहे. चार्ज आहे तोवर त्याच्या परमिटावाचून विटेस हात लावू नये. आणि चार्ज जातो तो सहीनेच जातो.

याच सुमारास सरकारांच्या कानी गेले की जुन्या वस्तू जतन करण्याची परदेशी रीत आहे, आणि त्यांनी विदुषी गार्गीबाई नेवाळकर यांस यादी करावयास धाडिले. गार्गीबाई दोरी, फूटपट्टी आणि चष्म्याच्या दोन जोड्या घेऊन आल्या, थोरलीचा दाबमापक पाहून त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि त्यांनी दिसेल त्यास चिठ्ठी बांधिली, पुरातन, अतिपुरातन, दुर्मिळ. दिगंबरजींनी संध्याकाळच्या फेरीत त्या सगळ्या सोडून त्यांच्या हाती दिल्या. म्हणाले की या घरी मशीनास चिठ्ठी बांधिली म्हणजे आत माणूस काम करतो आहे असा अर्थ होतो, आणि चिठ्ठीवर परमिटाचा नंबर नाही, तेव्हा उद्या कोणी मेले तर जबाब कोणी द्यावा. गार्गीबाईंनी माफी मागितली आणि चारशे बारा अर्ज केले. मग महिनाभर फेरीत त्यांच्या मागे हिंडल्या, काचा पुसावयास शिकल्या, मधलीशी गोड बोलावयास शिकल्या, आणि सरकारांस अहवाल लिहिला तो असा, की इतर मुलखांत ऐसे कारखाने रंग देऊन आणि काच लावून जतन करितात आणि ते मेलेले दिसतात. हा कारखाना एका माणसाने दर तासास पाहिल्यामुळे टिकला आहे, यास काच लावू नये, यास माणूस लावावा. एके दिवशी त्यांनीच पुसिले की चार्ज मी घेऊ काय. दिगंबरजी म्हणाले की बॉयलरची परीक्षा दिल्यावाचून देता येत नाही, बाई. तेव्हा त्यांनी परीक्षेची पुस्तके मागविली. परंतु परीक्षा मार्गशीर्षात, आणि हे बोलणे जाहले आश्विनात.

आणि दिवाणसाहेब स्वस्थ नव्हते. शास्त्रीबुवांचे वाक्य, की चार्ज सहीनेच जातो, त्यांनी एका रात्रीत उलटे करून वाचिले, आणि त्यांस उमगले की बदलीचा माणूस आणून सही करविली म्हणजे चार्ज त्याचा, आणि मग परमिट तो देईल. मग हरकारे सुटले, आणि मारोतराव ढोके लेकीच्या गावी शेळ्या राखताना सापडले, वय चौसष्ट, गुडघे दोन्ही गेलेले, बॉयलरचे सर्टिफिकेट ट्रंकेत सुखरूप. त्यांस बाजारपेठेत जिन्यालगतचे पहिले पानाचे दुकान कबूल केले, आणि मारोतराव कबूल जाहले. तारीख ठरली, कार्तिक शुद्ध पंचमी, सकाळी सात.

वर्तमान दिगंबरजींस चतुर्थीस कळले. गार्गीबाईंनी सांगितले की सही देऊ नका, पुढल्या महिन्यात मी येते. दिगंबरजी म्हणाले की रिवाज दोन्हीकडून आहे, बदली न येता उठता येत नाही, आणि बदली आल्यावर बसता येत नाही, तो कोणी पाठविला हे विचारण्याचा अधिकार खुर्चीस नाही. मग ते काचा पुसावयास गेले. दुपारी चार वाजता कौसल्याबाई आपले सांडगे उतरवावयास थोरलीवर चढत होत्या, आणि त्यांनी वरून पाहिले की दिगंबरजी मधलीच्या काचा पुसत आहेत, आणि पुसून जाहल्यावर त्याच काचा पुन्हा पुसत आहेत. संध्याकाळी मुलगी घर सारवावयास आली आणि आनंदाने म्हणाली की उद्या बाबा घरी येणार. कौसल्याबाई म्हणाल्या, "येतील माय. पन मंग ते करतील काय?" आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की सांडगेही कुठे वाळू घालावे तो प्रश्नच आहे.

पंचमी उजाडली. मारोतरावांची उशिराची कीर्ती दिवाणसाहेबांस ठाऊक होती, म्हणून त्यांस पालखीत घालून आणिले आणि भोई बदलून बदलून पळविले, आणि मारोतराव जन्मात पहिल्यांदा पाच मिनिटे आधी, सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी, कंट्रोल रूमच्या दारात उतरले. अंगावर जुनी खाकी, तिची पोटावरची तीन बटणे लागत नव्हती. दिगंबरजी उभे राहिले.

"आज लवकर आला गा."

"एकोणीस वर्ष जाले ना भाऊ," मारोतराव म्हणाले. "सायकल पंक्चर होती."

यावर दोघे हसले नाहीत. दिगंबरजींनी लॉगबुक उघडून रकाना दाखविला, पेन काढून ठेविले, दुसरेही काढून ठेविले, आणि खुर्ची वळविली. दिवाणसाहेब दारात, मागे यासीन मिस्त्री, मागे शंभर माणूस, नळकांडी सज्ज. मारोतरावांनी पेन उचलिले. मग खाली ठेविले. म्हणाले की फेरी राहिली.

दिवाणसाहेब पुसते जाहले की फेरी म्हणजे काय. तेव्हा यासीन मिस्त्रींनीच समजाविले की चार्ज घेणारा देणाऱ्यासंगे सगळा कारखाना डोळ्यांनी पाहतो, मग सही करतो, न पाहता सही करणारा गाढव. दिवाणसाहेब म्हणाले की पाडावयाचे ते पाहावयाचे कशास. मिस्त्रींनी टोपी नीट केली.

मग फेरी सुरू जाहली. पुढे मारोतराव, एका हाती कठडा आणि एका हाती गुडघा, मागे दिगंबरजी लॉगबुक धरून, मागे गार्गीबाई यादी धरून, मागे दिवाणसाहेब, मागे सगळी फौज, कारण खाली थांबा असे कोणी सांगितले नव्हते. पंपघर पाहिले. टर्बाइने पाहिली. मारोतराव पुसत दाब, दिगंबरजी म्हणत शून्य, मारोतराव काचेस नाक लावून पाहत आणि म्हणत मान्य. धाकटीपाशी साडेनऊ वाजले. मधलीपाशी मारोतराव थांबले, आजूबाजूस पाहिले आणि हळूच तिच्या दारावर थाप मारून म्हणाले, "कशी आहेस वो बाई?" आणि पुढे गेले. आणि जो तो पुढे जाताना तिच्याशी काही गोड बोलत गेला, पाडकामाची माणसेही बोलली. दिवाणसाहेब काय बोलले ते ऐकू आले नाही, पण ओठ हलले, असे तीन माणसे सांगतात.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मंडळी थोरलीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली, आणि मारोतराव उभे राहिले. छपरावरच्या टाकीत पावसाचे पाणी साठते ते आगीच्या उपयोगास म्हणून दिगंबरजींनी खालच्या नळांत चालू ठेविले आहे, आणि त्या नळाच्या व्हॉल्वाशी थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा लोंबला.

"हे काय आहे गा?"

"ठिबकते," दिगंबरजी म्हणाले.

"कधीपासून?"

दिगंबरजींनी लॉगबुक पाहिले, खोटे बोलणे त्यांस येत नाही. "काल तीनच्या फेरीत नव्हती. रात्री अंधारात दिसली नसन."

मारोतरावांनी घड्याळ धरून थेंब मोजिले, मिनिटाला चौदा. मग पेन खिशात घातले आणि बोलिले, "पह्यले हे बंद कर. गळका व्हॉल्व मी चार्जात घेत नाही. जिंदगीत घेतला नाही."

दिवाणसाहेब म्हणाले, "अहो ढोके, उद्या हे सगळं पाडायचंच आहे."

"पाडा ना जी," मारोतराव म्हणाले. "पन आधी ठिबक थांबू द्या. उद्या लोक म्हनतीन, मारोतीनं गळका घेतला."

दिवाणसाहेबांनी पानाच्या दुकानाची आठवण दिली, आणि दुसरेही दुकान देऊ केले. मारोतरावांनी दोन्ही दुकानांचे आभार मानिले आणि थेंब पुन्हा मोजावयास घेतिले. मग यासीन मिस्त्री न सांगता पुढे जाहले, गुडघ्यांवर बसले, आपल्या पकडीने नट आवळून पाहिला, ठिबक अकरावर आली, त्याहून खाली येईना. त्यांनी निदान केले की दांड्याभोवतीची पॅकिंगची दोरी सुकून गेली आहे, नवी भरावी लागेल. दिवाणसाहेबांनी गळ्यातला शेला काढून दिला. मिस्त्रींनी तो अदबीने परत केला आणि म्हणाले की हुजूर, रेशीम चालत नाही, ग्रेफाइटची लागते. ती भांडारात मिळते. दिगंबरजींनी मागणीपत्र लिहिले, मारोतरावांनी साक्ष घातली, आणि भांडाराच्या दारास कुलूप पाहता कळले की भांडाऱ्याची जागा एकोणीस वर्षे रिकामी आहे, नव्या भांडाऱ्याची नेमणूक सरकारी कागदाने होते आणि त्या कागदावर सही लागते ती दिवाणसाहेबांची. म्हणजे कारखाना पाडावयाचा तर दिवाणसाहेबांनी कारखान्यात माणूस भरावयास हवा. हे गार्गीबाईंनी त्यांस दोनदा समजाविले. दुसऱ्या वेळी त्यांस समजले, आणि ते पायरीवर बसले.

आता पाना नंबर चोवीस याची हकीकत. त्या व्हॉल्वाच्या नटास हाच पाना लागतो. गार्गीबाईंच्या यादीप्रमाणे तो चतुर्थीस दुपारी तीन वाजता खुंटीवर होता आणि साडेपाच वाजता नव्हता. पंचमीस बारा वाजता कौसल्याबाई डबा घेऊन वर आल्या, पिशवीतून भाकरी काढिल्या, आणि भाकरींच्या खाली कापडात गुंडाळलेला पाना चोवीस होता. गार्गीबाईंनी पाहिले, यादीत "सापडला" असे लिहिले आणि कोठे ते लिहिले नाही. दिगंबरजींनीही पाहिले. ते पाना कापडाने पुसून खुंटीवर लावून आले. नट कोणी सैल केला हे पाहिलेला माणूस नाही, म्हणून लिहिले नाही.

मग कौसल्याबाईंनी सभोवार नजर टाकिली, नवरा, त्याची बदली, एक विदुषी, एक दिवाण आणि शंभर माणूस, सगळे सकाळपासून उपाशी, आणि डब्यात भाकरी सहा. त्या दिगंबरजींस म्हणाल्या, "मले परमिट द्या."

"कशाचं?"

"चुलीचं."

"कोणतं मशीन?"

"थोरलीची भट्टी," त्या म्हणाल्या. "घरी यायचं तुमचं काही जमत नाही. मीच तवा घेऊन आली."

दिगंबरजींनी फॉर्म काढिला. वाळूच्या बादल्या आल्या, वसाहतीतून पीठ आले, यासीन मिस्त्रींनी भट्टीचे दार उघडून दिले, माणसे नदीकाठच्या शेतातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे घेऊन आली, आणि एकोणीस वर्षांनी थोरलीच्या पोटात जाळ जाहला. पाडकामाची माणसे पीठ मळावयास बसली. पहिली भाकर तव्यावरून थेट दिगंबरजींच्या हातात पडली, बोटे भाजली, ती त्यांनी या हातातून त्या हातात नाचविली आणि उभ्याउभ्या खाल्ली, पाळीच्या वेळेत भट्टीपाशी खाणे रिवाजात बसत नाही याची नोंद स्वतःच्या हाताने करून. दुसरी दिवाणसाहेबांस दिली. ती त्यांनी घेतली.

आणि पऱ्हाट्यांचा धूर भट्टीतून मागे गेला, मागून धुराड्यात गेला, आणि एक वाजून दहा मिनिटांनी चिमणीच्या तोंडाशी निघाला, बारीक, निळसर, परंतु धूर. शहराने पाहिला. दुकाने अर्धी उघडी टाकून लोक रस्त्यात आले, म्हातारे छपरांवर चढले, शाळा न विचारता सुटल्या, जोशीमंडळी पंचांग छातीशी धरून रडली, हत्ती पुन्हा भ्याले, आणि घाटावरच्या वृद्ध परिटांनी बोट ओले करून वारा पाहिला, तो पूर्वेचा होता, तेव्हा त्यांनी दोरीवरची सगळी धुणी गोळा केली आणि हक्काची सुटी घेतली.

सारांश, राज्याने वीजकारखाना बांधिला, राज्याने बंद केला, एका माणसाने दर तासास पाहिला म्हणून तो उभा राहिला, आणि पाडावयास आलेल्या फौजेने त्यात पीठ मळिले. आज तारखेस, कार्तिक शुद्ध द्वादशी, सायंकाळी पाच वाजता जे ठाऊक आहे ते इतके. मारोतराव पालखी परत पाठवून कंट्रोल रूमच्या दुसऱ्या खुर्चीवर बसलेले आहेत, सही केलेली नाही. भांडाऱ्याच्या नेमणुकीचा कागद दिवाणसाहेबांच्या मेजावर आहे. गार्गीबाईंच्या परीक्षेस सदतीस दिवस आहेत. थोरलीपाशी दोन वेळा तवा चढतो, दर वेळी नव्या परमिटावर. ठिबक, शेवटच्या फेरीप्रमाणे, मिनिटाला अकरा.